36 व्या वर्षी एडीएचडीची तपासणी, आईला सोबत न्यायचं का?

विसरभोळी_ठाणे
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या. वय 36, नोकरी अकाउंट्सची (हसू नका). खात्यात पैसे असून वर्षात दोनदा लाईट कापायची नोटीस आली, आणि गॅसवर दूध ठेवून मी खाली वॉचमनशी गप्पा मारतेय हे तर कितीदा झालंय मोजत नाही आता. शेवटी सायकियाट्रिस्टकडे गेले. मॅडमनी 18 प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, तासभर बोलल्या, म्हणाल्या एडीएचडी (लक्ष न टिकणं, विसरणं, उतावळेपणा, हे लहानपणापासूनच) वाटतंय पण लक्षणं 12 वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, तर शाळेची प्रगतीपुस्तकं शोधा आणि जमलं तर आईला घेऊन या.

इथेच घोडं अडलंय. मी तिथे जाते हेच आईला माहीत नाही. तिच्या लेखी तिथे वेडे जातात. आणि येऊन ती काय सांगणार तेही मला पाठ आहे, "हुशार होती हो, नुसती आळशी." तुमच्यापैकी कोणाचं मोठेपणी निदान झालंय का, तुम्ही आईवडिलांना नेलं होतं का?

कडक_कॉफी
माझं 31 व्या वर्षी झालं. आईऐवजी मोठ्या बहिणीला नेलं, चाललं. लहानपणी तुला जवळून बघितलेलं कोणीही चालतं बहुतेक, एकदा विचारून घे. प्रगतीपुस्तकं मात्र शोधच. माझ्यात पाचवी ते आठवी एकच शेरा, "हुशार आहे, परंतु वर्गात लक्ष नसते." बाईंनी चार वर्षं तेच लिहिलं आणि चार वर्षं आमच्याकडे त्यावर फक्त सही झाली. ती 12 वर्षांची अट 2013 पर्यंत 7 ची होती म्हणे. खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या आमच्यासारख्या पोरींकडे सातव्या वर्षी कोण बघतंय? बाकावर उड्या मारणारा पोरगा तेवढा सगळ्यांना दिसतो.

अजून एक, कोणी सांगत नाही म्हणून. निदान झाल्यावर आठ दिवस मी हवेत होते, मी आळशी नव्हते मी आळशी नव्हते असं. मग जो राग आला तो दोन महिने गेला नाही. इंजिनिअरिंगच्या केट्या, मोडलेलं एक लग्न, सगळं परत उकरून बघितलं. त्याची तयारी ठेव.

आणि गोळी मिथाइलफेनिडेट असेल तर ती शेड्यूल एक्समध्ये (कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत) येते, साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही. प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार ठेवून घेतो. मी चार दुकानं फिरले, एकाने तर असं बघितलं की जणू गांजाच मागितला.

जुना_खोडकर
राग मानू नका पण विसरायला सगळ्यांनाच होतं. आमच्या वेळी दोन छड्या बसल्या की लक्ष लागायचं. आता प्रत्येक गोष्टीला नाव.

कडक_कॉफी
काका, मला दोन नाही, चिक्कार बसल्यात. हात लाल झाला, लक्ष काही लागलं नाही.

तिसरा_मजला
माझं थोडं वेगळं, ऑटिझम, वय 41, पुण्यात आयटीत. मी आईला नेलं आणि थोडा पस्तावलो. डॉक्टर साधं विचारत होते की हा बोलायला कधी लागला, इतर मुलांत खेळायचा का, आणि ती मधेच रडायला लागली, "माझं काय चुकलं?" तिचा दोष नाही, एके काळी अमेरिकेतले मोठे डॉक्टरसुद्धा आई मायाळू नाही म्हणून असं होतं म्हणायचे. त्यामुळे नेणार असशील तर आधी घरी बोल, क्लिनिकमध्ये पहिल्यांदा कळू देऊ नकोस.

आणि ऑटिझमला मराठीत वापरतात तो "स्वमग्न" शब्द. रिपोर्ट इंग्रजीत होता, आईला मराठीत सांगताना डॉक्टरांनी तोच वापरला आणि ती लगेच म्हणाली, "हो, स्वतःपुरतंच बघतो." अहो, मी पार्टीतून लवकर निघतो ते स्वतःत मग्न असतो म्हणून नाही, तिथला प्रत्येक आवाज एकाच वेळी कानात शिरतो म्हणून! मी आता सरळ ऑटिझम म्हणतो.

सरकारी प्रमाणपत्राचं म्हणशील तर 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. म्हणजे तुला कागद लागणार तो गोळीसाठी आणि स्वतःसाठी. ऑफिसात मी अजून सांगितलेलं नाही, सांगेन असंही नाही.

विसरभोळी_ठाणे
सगळ्यांचे आभार, जुना_खोडकर काकांचेही. काल रात्री हिय्या करून आईला फोन केला. सायकियाट्रिस्ट म्हटल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाली प्रगतीपुस्तकं माळ्यावरच्या पेटीत आहेत, रविवारी येऊन काढ. मग मी लक्षणं वाचून दाखवली, वस्तू हरवणं, कामं अर्धवट सोडणं, दुसऱ्याचं बोलणं तोडणं. तर म्हणते, "अगं हे तर तुझे बाबा. लोकलमध्ये किती डबे सोडून आलेत, शेवटी मी स्टीलचे देणंच बंद केलं."

मागून बाबांचा आवाज, "कोणते डबे?"