मदत हवी आहे: औषधाच्या दरवाढीसाठी कंपनीच्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः कारवाई कशी होते?

अमेरिकेत २०१५ मध्ये डाराप्रिम या परजीवी-संसर्गावरच्या औषधाची एक गोळी १३.५० डॉलरवरून ७५० वर गेली. ही दरवाढ करणाऱ्या कंपनीचा प्रमुख मार्टिन श्क्रेली याला तुरुंगवास झाला तो मात्र गुंतवणूकदारांच्या फसवणुकीसाठी. औषध उद्योगात आजन्म बंदी आणि ६.४६ कोटी डॉलर भरण्याचा आदेश आला २०२२ मध्ये, तोही स्पर्धा कायद्याखाली: त्याने जेनेरिक (तेच औषध स्वस्तात बनवणाऱ्या) कंपन्यांना चाचणीसाठी गोळ्या मिळू नयेत असे वितरण करार केले, कच्च्या मालाचा पुरवठाही अडवला. नुसता भाव वाढवणं तिथल्या संघीय कायद्यात गुन्हा नाही, हीच मेख आहे.

तर असा अडथळा सिद्ध होत नसेल, तेव्हा अधिकाऱ्यावर वैयक्तिक दायित्व आणणारा एखादा निकाल किंवा राज्याचा कायदा आहे का? मेरीलँड राज्याचा औषध दरवाढीविरुद्धचा २०१७ चा कायदा सांगू नका, तो २०१८ मध्ये अपिलात पडला. फक्त कंपनीला दंड झाल्याची उदाहरणंही नकोत. कलम किंवा खटल्याचं नाव हवं.