जुन्या रेकॉर्डच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव का सांगते?

नौपाडा_कट्टा: काल रात्री आजीला झोप येईना म्हणून मोबाईलवर जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्रह उघडला आणि गौहर जानची रेकॉर्ड लावली, खरखर होती पण काय ती फिरत, आणि गाणं संपतंय न संपतंय तोच बाई चक्क इंग्रजीत ओरडल्या, "माय नेम इज गौहर जान!" आजी दचकून उठूनच बसली, "अगं, ही आता कोण बोलली?" मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. असं का करायचे? आणि अजून काय ऐकू? ठाण्यात आमच्याकडे माळ्यावर आजोबांच्या तबकड्यांची पेटीपण आहे.

वाशीचा_तबकडीवाला: अहो ते जर्मनीतल्या कामगारांसाठी होतं! ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गाइसबर्ग याने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात रेकॉर्डिंग केलं, ते व्हायचं मेणाच्या प्लेटवर, त्या प्लेटा बोटीने हानोफरच्या कारखान्यात जायच्या आणि तिथे तबकड्या छापायच्या. तिथल्या माणसाला ना भाषा कळणार ना राग, मग लेबलवर नाव कोणाचं टाकणार? म्हणून गाण्याच्या शेवटीच नाव. तेव्हा माईकही नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि तीनेक मिनिटांत ख्याल आटपायचा. तरी ज्यांनी गायलं त्यांचा आवाज राहिला तरी, आपले ख्यालगायक भास्करबुवा बखले १९२२ ला गेले, त्यांची एकही तबकडी नाही, याची मला फार हळहळ वाटते.

नेरूळ_सेक्टर१०: गाण्यापलीकडचं ऐकायचं असेल तर बर्लिनच्या संग्रहातला मल्ल सिंग शोधा. पहिल्या महायुद्धात पकडलेला पंजाबी शिपाई, ११ डिसेंबर १९१६, बर्लिनजवळची वुन्सडॉर्फची युद्धकैद्यांची छावणी. जर्मन अभ्यासक भाषांचे नमुने गोळा करत होते आणि हा गडी स्वतःबद्दल "एक माणूस होता" असं सांगतो, हिंदुस्थानात लोणी खायचा, लढाईला आला, पकडला गेला, आता घरी जायचंय. मी ऐरोलीहून येताना लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकलं, स्टेशन आलं तरी उठवेना.

वाशीचा_तबकडीवाला: पेटीबद्दल राहिलंच. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या असतात, स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते. मऊ कपड्याने धूळ पुसा आणि उभ्या ठेवा, एकावर एक रचल्या की तडकतात. एलपीच्या, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डच्या सुईवर वाजवू नका, ७८ ची खाच रुंद असते, त्याला वेगळी सुई लागते. कॉपी करताना पहिली फाईल खरखरीसकट तशीच ठेवा, सफाई दुसऱ्या कॉपीवर.

नौपाडा_कट्टा: थँक्यू दोघांना! आजीला मल्ल सिंग ऐकवला, पंजाबी एक अक्षर कळत नाही तिला, तरी संपल्यावर म्हणाली, "पोचला का गं तो घरी?" रविवारी पेटी खाली काढतोय, बाबांना सांगून स्पिरिटची बाटली आत्ताच कपाटात टाकलीये.