ए-३८० चे धड आणि पंख मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमचेच का?

प्रश्न:
एअरबस ए-३८० ने २००५ साली पहिले उड्डाण केले, तर बोइंग ७८७ ने २००९ साली. ७८७ च्या सांगाड्याच्या वजनात निम्मा वाटा संमिश्र पदार्थांचा, म्हणजे रेझिन या चिकट राळेत बसवलेल्या कार्बन वगैरे तंतूंच्या पदार्थांचा, आहे. ए-३८० मध्ये तो पावाच्याच आसपास आहे. वजन वाचवण्याची निकड ज्याला सर्वाधिक, त्या सर्वांत मोठ्या प्रवासी विमानातच अ‍ॅल्युमिनियमवर एवढी भिस्त का ठेवली असावी?

प्रतिसाद १:
ए-३८० चा आराखडा ठरत होता तेव्हा एवढ्या आकाराचे, आतून हवेचा दाब सोसणारे धड कार्बन तंतूंचे करण्याचा अनुभव कोणाच्याच गाठीशी नव्हता. म्हणून जागा पाहून पदार्थ निवडला गेला. दोन्ही पंख धडाला मिळतात तिथली मधली पेटी कार्बन तंतूंची केली आणि तेवढ्यानेच सुमारे दीड टन वाचले. धडाच्या वरच्या भागात ग्लेअर आहे, आणि मला या विमानातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. अ‍ॅल्युमिनियमचे अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये रेझिनने चिकटवलेले काचतंतूंचे थर, अशी त्याची घडण असते. दर उड्डाणात धड किंचित फुगते व उतरताना पूर्ववत होते. हे हजारो वेळा घडले की रिव्हेटच्या छिद्रापाशी भेग सुरू होऊ शकते. साध्या पत्र्यात ती वाढत जाते, ग्लेअरमध्ये मात्र न तुटलेले तंतू भेगेच्या दोन्ही कडा धरून ठेवतात आणि तिचा वेग मंदावतो.

प्रतिसाद २:
धातू आणि कार्बन तंतू असे वेगवेगळे पदार्थ एकत्र वापरल्याची किंमतही मोजावी लागली, हे नोंदवायला हवे. २०१२ साली पंखांच्या फासळ्यांना आवरणाशी जोडणाऱ्या धातूच्या छोट्या कंसांत भेगा आढळल्या. मिश्रधातूची निवड आणि जुळणीच्या वेळी पडलेला ताण ही कारणे होतीच. शिवाय थंडीत धातू आणि कार्बन तंतू सारखे आकसत नाहीत, याचाही पुरेसा हिशेब झाला नव्हता.

प्रश्नकर्ता:
मग धडाच्या खालच्या भागातही ग्लेअर का वापरले नाही?

प्रतिसाद १:
कारण तिथला भार वेगळा आहे. विमान पंखांवर तोलले जाते, नाक आणि शेपटी वजनाने खाली झुकू पाहतात. त्यामुळे वरचे आवरण ताणले जाते आणि खालचे दाबले जाते. दाबाखाली भेग उघडत नाही, पत्रा वाकण्याची भीती असते. म्हणून खालच्या बाजूच्या बऱ्याच भागांत अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणाला आधारपट्ट्या लेझरने जोडल्या आहेत. तिथे रिव्हेटची छिद्रेच पाडावी लागत नाहीत.