कॉन्व्हिक्ट सिक्लिड या काळ्या पट्ट्यांच्या शोभेच्या माशाची जोडी घरात ठेवावी का?

विश्रामबागवाला: माझं मत, तीन फुटी टाकीवाल्यानं ठेवूच नये. मी ठेवली. मातीची कुंडी आडवी टाकली, तर आतल्या बाजूला वरच्या अंगाला अंडी. तिसऱ्या दिवशी फुटली, आठ-दहा दिवसांत शंभरावर पिल्लं आईबापाच्या मागून तरंगायला लागली. बघायला झकास! पण बाकीचे छोटे टेट्रा मासे हीटरमागे दडलेले, शेपट्या कुरतडलेल्या. पिल्लं दुकानात नेली तर दुकानदार म्हणतो, "फुकट दिली तरी ठेवू कुठं?" महिन्याभरात पुन्हा अंडी.

खणभागकर: टेट्रा त्यांच्यात घातलेच कशाला? ही जोडी एकटीच ठेवायची असते, दादा. भरकटलेलं पिल्लू बाप तोंडात धरतो आणि घोळक्यात आणून थुंकतो. माझी मुलगी काचेला नाक लावून तासभर तेच बघत बसते. हे बंद करू होय?

विश्रामबागवाला: पिल्लांचं काय केलंत ते सांगा आधी.

खणभागकर: पहिल्या खेपेची मित्रांना वाटली. दुसरी सांगलीच्या काळ्या खणीच्या तळ्यात सोडली. मारण्यापेक्षा बरं की.

मिरज जंक्शन: अहो, हे कसलं पुण्य! चिलापी पण सिक्लिडच, त्याच कुळातली. १९५२ मध्ये मोझांबिकची चिलापी देशात आणली. आज कृष्णेच्या घाटावर गळ टाकून बसणाऱ्याला विचारा, काय लागतं ते. ऑस्ट्रेलियात लोकांनी सोडलेले कॉन्व्हिक्टही असेच मूळ धरून बसलेत. पैदाशीचीच हौस असेल तर आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला यलो लॅब हा सिक्लिड बघा. मादी अंडी तोंडात घेऊन जवळपास तीन आठवडे उपाशी राहते आणि पिल्लं निघतात मोजकी, दहा-वीस. त्याला क्षाराचं पाणी लागतं, माझं बोअरचं पाणी त्याला चांगलं मानवलंय.

पलूसचा पाव्हणा: आफ्रिकन म्हंजे काय साधू न्हाईत, ते पण मारामाऱ्या करत्यात. सोपं सांगतो. अंडी दिसली की कुंडी उचलायची आन् खरवडायची. पोरगं रडलं माझं, तरी उचलली.

खणभागकर: मग ती हत्या नव्हे?

पलूसचा पाव्हणा: कोंबडीचं अंडं खाताना इचारता काय?

मिरज जंक्शन: खणीत सोडण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. नाहीतर सरळ जोडी फोडा, एकच मासा ठेवा.

विश्रामबागवाला: आज सकाळीच कुंडी काढली. आत्ता बघतोय तर दोघं फिल्टरमागची काच तोंडानं घासून साफ करताहेत.