आईचं हॅरोचं घर आणि प्रोबेट

विषय: आईच्या घराचं प्रोबेट, ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा
9 नोव्हेंबर 2025

नमस्कार मंडळी,

आईला जाऊन पाच आठवडे झाले. तेरा दिवस तुम्ही आळीपाळीनं डबे पोचवलेत, चूल पेटवायची वेळ येऊ दिली नाहीत. हे मी कधीच विसरणार नाही.

आता घराचं काय करायचं ते बघायचं आहे. आधी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे मालमत्तेची व्यवस्था लावायची कायदेशीर परवानगी, काढावं लागेल. लंडनमधलं हॅरोचं घर आई-बाबांनी 1981 साली घेतलं. बाबा 2009 मध्ये गेले, त्यांचं सगळं आईकडे आलं. आईचं मृत्युपत्र आहे. त्यात मी आणि दादा दोघंही एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारे, आणि सगळं निम्मं-निम्मं. दादा पुण्यात असतो. एजंटनं तोंडी 6 लाख 20 हजार पौंड किंमत सांगितली. बँकेत साधारण 70 हजार आहेत, शिवाय कोथरूडचा फ्लॅटही आईच्याच नावावर.

दादा म्हणतो ख्रिसमसच्या आत विकून टाकू, रिकामं घर कोण सांभाळणार. माझी मुलगी म्हणते आजीचं घर विकायचं नाही, भाड्यानं देऊ. मला दोघांचंही पटतं आणि काहीच ठरत नाही. गेल्या रविवारी फ्रीझर रिकामा करायला गेले होते. आत आइस्क्रीमचे जुने डबे, त्यांवर आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या: 'पुरण, ऑगस्ट', 'कटाची आमटी', 'गोडा मसाला, हात लावू नये'. सगळे होते तसे परत ठेवले आणि दार ओढून घेऊन निघून आले.

प्रोबेटच्या कामासाठी सॉलिसिटर (वकील) एकूण मालमत्तेच्या टक्केवारीत फी मागतोय. हे काम आपलं आपण करता येतं का? सुरुवात कुठून करू?

*

उत्तर: आईच्या घराचं प्रोबेट
10 नोव्हेंबर 2025, लेस्टरहून

अगं, डबे राहू देत तिथेच. पण उद्या सकाळी पहिलं काम हे कर: घराच्या विमा कंपनीला फोन लाव आणि घर रिकामं आहे असं सांग. पॉलिसीत ओळ असते. सलग 30 दिवस, काहींत 60 दिवस, घरात कोणी राहत नसेल तर पाइप फुटणं, चोरी यांची भरपाई मिळत नाही. तुमचे पाच आठवडे होऊन गेलेत.

हे मी अनुभवानं सांगतोय. माझे थोरले बंधू गेले तेव्हा एक्झिक्युटर मीच होतो. कागदपत्रांच्या मागे इतका लागलो होतो की घराकडे बघितलंच नाही. जानेवारीत माळ्यावरचा पाइप गोठून फुटला. शेजाऱ्यांच्या भिंतीला ओल आली तेव्हा कुठे कळलं. दार उघडलं तर बैठकीचं छत खाली आलं होतं, आणि देवघरातल्या तसबिरींच्या मागचा पुठ्ठा फुगून काचा सुटल्या होत्या. विमा कंपनीनं नाही म्हटलं, कारण मी कळवलंच नव्हतं. माझ्या त्या बंधूंच्या लग्नातली सत्यनारायणाची तसबीर होती ती. तुझ्या घरी किचनच्या सिंकखाली स्टॉपकॉक, म्हणजे पाण्याचा मुख्य नळ, असेल, तो बंद कर, नाहीतर हीटिंग मंद चालू ठेव. आठवड्याला एक चक्कर मार, आणि कधी गेलीस ते वहीत लिहून ठेव. कौन्सिल टॅक्सवाल्यांनाही (इथली घरपट्टी) कळव. घर रिकामं असेल तर प्रोबेट मिळेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने तो माफ असतो.

आता प्रोबेट. आपलं आपण करता येतं, मी केलं. अर्ज पीए1पी, ऑनलाइनही भरता येतो, फी 300 पौंड. मूळ मृत्युपत्र पाठवावं लागतं. कृपा करून त्याची झेरॉक्स काढताना स्टेपल काढू नकोस. कागदावर पिन काढल्याच्या खुणा दिसल्या की आणखी एखादं पान जोडलेलं होतं का, असा प्रश्न येतो आणि खुलासा लिहून द्यावा लागतो. पुण्याच्या दादाला प्रत्येक सहीसाठी पळवायचं नसेल तर त्याचा अधिकार राखून ठेवून तू एकटी अर्ज करू शकतेस. 'पॉवर रिझर्व्ड' म्हणतात त्याला. त्याचा हक्क जात नाही, पुढे त्याला वाटलं तर तोही येऊ शकतो. मात्र हे त्याला फोनवर नीट समजावून सांग. नुसता कागद हातात पडला तर माणसाला डावलल्यासारखं वाटतं.

वारसा कराची धास्ती घेऊ नकोस. प्रत्येकाला 3 लाख 25 हजारांची सूट असते, आणि राहतं घर मुलांना जात असेल तर वर 1 लाख 75 हजार. बाबांनी सगळं वहिनींना, म्हणजे तुझ्या आईला, दिलं, म्हणजे बाबांच्या दोन्ही सुटी वापरल्याच गेल्या नाहीत, त्या वहिनींच्या खात्यात जोडता येतात. बाबा 2017 च्या आधी गेले तरी घराची सूट मिळते. मिळून 10 लाख होतात. पण हे आपोआप होत नाही, मागावं लागतं. घराची सूट हवी म्हणजे वारसा कराचा आयएचटी400 हा मोठा फॉर्म आलाच. त्यासाठी बाबांचा मृत्यूचा दाखला, त्यांचं मृत्युपत्र आणि आई-बाबांच्या लग्नाचा दाखला शोधायला लाग. कर खात्याचं पत्र कोडसकट येईपर्यंत प्रोबेटचा अर्ज पाठवायचा नाही.

कोथरूडचा फ्लॅटही त्या फॉर्ममध्ये दाखवावा लागेल. एप्रिल 2025 पासून नियम असा, की 20 वर्षांतली 10 वर्षं इथे राहिलेल्या माणसाची जगभरातली मालमत्ता धरतात. तेवढ्या भागासाठी मी सॉलिसिटर घेईन, पण ठरावीक रकमेवर. टक्केवारीला स्पष्ट नाही म्हण.

एजंटच्या तोंडी आकड्यावर विसंबू नकोस. आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या संस्थेच्या सभासद सर्व्हेयरकडून मृत्यूच्या तारखेची लेखी किंमत घे. पुढे घर जास्तीला गेलं तर भांडवली नफ्याचा कर याच आकड्याच्या वरच्या रकमेवर बसतो.

आणि दादाला सांग, घर आजही बाजारात लावता येतं, गिऱ्हाईकही ठरवता येतं, पण प्रोबेट हातात आल्याशिवाय विक्री पुरी होत नाही. म्हणजे ख्रिसमसच्या आत काही होणारच नाहीये. विकायचं की ठेवायचं यावरून तुम्ही दोघांनी आत्ता एकमेकांशी वाईट का व्हावं?

— काका

*

उत्तर: आईच्या घराचं प्रोबेट
16 नोव्हेंबर 2025, स्लाउहून

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त भाड्याबद्दल लिहिते.

सासूबाईंचं घर आम्ही ठेवलं. विकायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून ठेवलं. दीर ऑस्ट्रेलियात. भाडं वाटून घेणं सोपं गेलं, बॉयलरचं बिल वाटून घेणं अवघड गेलं. दर वर्षी गॅस सेफ्टीचा दाखला, रात्री अकराला भाडेकरूचा फोन, आणि हे सगळं अंगावर घेणारी मी एकटी. जाऊबाईंशी तीन वर्षं धड बोलणं नव्हतं. तुझा दादा परदेशात, म्हणजे त्याच्या वाट्याच्या भाड्यातून इथे 20 टक्के कर कापून घेतील, तो कापू नये म्हणून त्याला कर खात्याकडून आधी मंजुरी घ्यावी लागेल. आणि 1 मे 2026 पासून इंग्लंडमध्ये भाडेकरूला कारण न देता घर सोडायला सांगता येणार नाही. वर्षभर देऊन बघू, मग ठरवू, असं कोणी सुचवलं तर हे लक्षात ठेव.

लेकीला खरंच तिथे राहायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिला विचार, राहायचं आहे की घर नुसतं असावंसं वाटतंय.

— मावशी

*

उत्तर: आईच्या घराचं प्रोबेट
23 नोव्हेंबर 2025

काका, मावशी,

विमा कंपनीला कळवलं. आठवड्याला एकदा घर बघायच्या अटीवर पॉलिसी चालू ठेवली. स्टॉपकॉक इतका घट्ट होता की शेजारच्यांना बोलवावं लागलं.

लग्नाचा दाखला सापडला. बाबांच्या जुन्या पासपोर्टच्या पाकिटात, लग्नाच्या पत्रिकेत घडी घालून ठेवलेला. त्याच पाकिटात आईची छोटी वही होती. समई नातीला, पाटल्या सुनेला, पुरणयंत्र 'जी करेल तिला'. खाली तारीख आहे, सहीही आहे, साक्षीदार नाहीत, म्हणजे कायद्यानं त्याला मृत्युपत्राचं मोल नाही. दादाला पानाचा फोटो पाठवला. तो म्हणाला, यात विचारायचं काय, आईनं लिहिलंय तसंच.

लेकीला मावशींचा प्रश्न विचारला. दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, राहायचं नाहीये, पण घर जाताना मला तिथे असायचं आहे. विकायचं असं आमचं तिघांचं जवळपास ठरत आलंय, पण प्रोबेट येईपर्यंत तो विषय काढायचा नाही असं दादानंच सुचवलं. सर्व्हेयर गुरुवारी येतोय.

दादा जानेवारीत तीन आठवडे येईल. फ्रीझर चालू ठेवलाय. पुरणाचा डबा तो आल्यावर उघडू.