मदत हवी आहे: सुप्रीम्सच्या पहिल्या अल्बममधले मागचे सूर कसे ओळखायचे? आणि चौथी मुलगी कोण?

नमस्कार मंडळी,

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये राहते. शास्त्रीय गाणं मध्यमा पूर्णपर्यंत शिकले आहे, पाश्चात्त्य संगीत मात्र फक्त ऐकलेलं. एका गाण्यापाशी तीन आठवडे अडकले आहे, म्हणून हा धागा. आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर मला नेमकं काय हवंय ते कळणार नाही.

आमच्या शेजारच्या आजी पुढच्या महिन्यात ८० वर्षांच्या होतायत. नऊ वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो तेव्हा बर्फात गाडी कशी चालवायची ते त्यांनी मला शेजारी बसून शिकवलं. धाकटीच्या बाळंतपणाला माझी आई येऊ शकली नाही, तेव्हा दहा दिवस रोज दुपारी गरम सूप घेऊन दारात उभ्या राहिल्या. मुली त्यांना आजी म्हणतात, आता मीही म्हणते. मागच्या महिन्यात त्यांनी तळघर आवरायला काढलं आणि एक एलपी माझ्या हातात ठेवली: ‘मीट द सुप्रीम्स’. डिसेंबर १९६२ मध्ये डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने काढलेला, सुप्रीम्स या मुलींच्या गायनगटाचा पहिला अल्बम. कव्हरवर तिघी जणी खुर्च्यांवर बसलेल्या. आजींनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “इथे तीन आहेत. पण मी त्यांना आमच्या भागातल्या नाचाच्या कार्यक्रमात पाहिलं, तेव्हा त्या चार होत्या. चौथीचं नाव काही आठवत नाही.”

मी ही रेकॉर्ड आतापर्यंत पन्नासेक वेळा तरी ऐकली असेल. सुप्रीम्स म्हटलं की आपल्याला १९६४ नंतरची गाणी आठवतात. ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’, ‘बेबी लव्ह’, एकामागून एक पहिल्या क्रमांकावर गेलेली. हा अल्बम त्याच्या आधीचा आहे. तेव्हा या मुली विशीच्या आतल्या होत्या आणि त्यांचं एकही गाणं चाललं नव्हतं. मोटाउनमध्ये त्यांना ‘नो-हिट सुप्रीम्स’ म्हणत. शाळा सुटली की वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरच्या, मोटाउनचा स्टुडिओ असलेल्या दुमजली घरात जाऊन बसायचं आणि दुसऱ्यांच्या गाण्यांत टाळ्या वाजवायला जरी बोलावलं तरी धावत जायचं, असे ते दिवस. आता तिथे संग्रहालय आहे. मी गेल्या वर्षी पाहुण्यांना घेऊन गेले होते. माळ्यावरची मोकळी जागा आवाजाला घुमारा यावा म्हणून वापरत, ते छतातलं भोक तिथे दाखवतात. खाली उभं राहून टाळी वाजवली की वरून ती लांबलेली ऐकू येते. या रेकॉर्डवर आवाजांच्या मागे जी पोकळी जाणवते ती बहुधा त्या माळ्याचीच असावी, असं मला वाटत राहतं.

अकरा गाणी आहेत. सगळी सारख्या ताकदीची नाहीत. मुख्य गायिका डायना रॉसचा आवाज काही गाण्यांत नाकातून आणि फार वर लागतो. ‘आय वाँट अ गाय’ मला अजूनही पूर्ण ऐकवत नाही. पण ‘युअर हार्ट बिलाँग्ज टू मी’ लागलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते. स्मोकी रॉबिन्सनने लिहिलेलं, संथ चालीचं. प्रियकर सैन्यात दूर देशी आहे आणि इकडे राहिलेली मुलगी त्याला सांगते आहे की अंतर कितीही असू दे, तुझं मन माझंच आहे. १९६२ मध्ये हे एकेरी रेकॉर्ड (सिंगल) म्हणून आलं आणि अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ९५व्या क्रमांकापर्यंतच पोचलं. बहुतेकांनी ते ऐकलंही नसेल. आजींनी ऐकलं होतं. त्या १८ वर्षांच्या होत्या, लग्न ठरलं होतं आणि होणारे आजोबा सैन्यातून जर्मनीला गेले होते. आजोबा जाऊन आता सहा वर्षं झाली.

म्हणून मी आणि आमच्या मंडळातल्या दोन मैत्रिणींनी ठरवलं आहे की वाढदिवसाला हे गाणं आम्ही तिघींनी गायचं. करोकेवर नाही. तीन आवाजांत, जसं आहे तसं.

आता अडचण. मुख्य चाल मी बसवली आहे, ती सोपी आहे. पण मागच्या आवाजांचं काय करू? आपल्या कानाला समूहगान म्हणजे सगळ्यांनी एकाच सुरात, फार तर एका सप्तकाच्या फरकाने गाणं. इथे मागच्या मुली वेगळ्याच सुरांवर आहेत. तो सूर पकडायला गेले की दोन ओळींत माझा गळा आपोआप डायनाच्या चालीवर सरकतो. मैत्रिणींचंही तेच होतं. वरचा एक आवाज कसाबसा कळतो, पण खालचा ऐकू येतोय की मी कल्पनेने ऐकतेय, तेच समजत नाही. हे आवाज वेगळे करून ऐकायची काही पद्धत आहे का? स्वरलिपीत कसे लिहून घ्यायचे? मागच्या दोघींतली फ्लॉरेन्स बॅलर्ड कुठली आणि मेरी विल्सन कुठली, हे ओळखायची खूण कोणी सांगेल का?

दुसरं, ती चौथी मुलगी. ती खरंच या रेकॉर्डवर आहे का? आजींना नाव सांगता आलं तर मला फार बरं वाटेल.

आणि रेकॉर्ड खूप खरखरते. कार्यक्रमात आधी तीच वाजवावी असं मनात आहे. साफ कशी करू?

वेळ साडेतीन आठवडे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

———

प्रतिसाद १

आधी चौथीचं. तिचं नाव बार्बरा मार्टिन. आजींची आठवण अगदी बरोबर आहे. १९५९ मध्ये हा चौघींचा गट ‘प्रायमेट्स’ नावाने सुरू झाला. प्राइम्स नावाचा मुलांचा गट होता (त्यातले दोघे पुढे मोटाउनच्याच टेम्प्टेशन्स या गटात गेले), त्यांचा बहिणींचा गट म्हणून प्रायमेट्स. तेव्हा फ्लॉरेन्स, मेरी, डायना आणि बेटी मॅक्ग्लोन अशा चौघी होत्या. १९६० मध्ये लग्न ठरल्यावर बेटी बाहेर पडली आणि तिच्या जागी बार्बरा आली. जानेवारी १९६१ मध्ये मोटाउनशी करार झाला आणि नाव बदलायला सांगितलं गेलं. पुढे आलेल्या यादीतून ‘सुप्रीम्स’ हे नाव फ्लॉरेन्सने निवडलं. १९६२ मध्ये संसारासाठी बार्बराने गट सोडला. अल्बम निघेपर्यंत तिघीच उरल्या होत्या, म्हणून कव्हरवर तिघी.

पण या अल्बममधली गाणी एका बैठकीतली नाहीत, साधारण दोन वर्षांत वेगवेगळ्या वेळी ध्वनिमुद्रित झालेली आहेत. १९६१ ची ‘आय वाँट अ गाय’ आणि ‘बटर्ड पॉपकॉर्न’ चौघींची आहेत. ‘लेट मी गो द राइट वे’ हे १९६२ च्या उत्तरार्धातलं, ते तिघींचं. ही गाणी लागोपाठ लावा. मागच्या आवाजांचा भरीवपणा कमी झालेला तुम्हाला जाणवेल.

कव्हरबद्दल: खुर्च्यांवर बसलेल्या मुलींचं कव्हर हे पहिलं. गट प्रसिद्ध झाल्यावर ते बदलून तिघींच्या चेहऱ्यांचं कव्हर आलं. म्हणजे आजींकडची प्रत जुनी आहे, जपून ठेवा. आणि कोणाला ऐकायला दुसरी प्रत घ्यायची असेल तर एक लक्षात असू द्या. ब्रिटनमध्ये १९६४ मध्ये ‘मीट द सुप्रीम्स’ याच नावाने जी एलपी आली, ती हा अल्बम नाही. तिच्यात ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’च्या काळातली गाणी आहेत.

———

प्रतिसाद २

मी पुण्यात गेली बारा वर्षं कॉयरमध्ये अल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज गाते. त्याआधी आठ वर्षं ख्याल शिकत होते, त्यामुळे तुमची अडचण अगदी ओळखीची आहे.

सर्वांत आधी, हार्मनी आपल्या कानाला परकी आहे हे मनातून काढून टाका. तंबोरा नीट जुळला की त्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो ना? कोणीही तो छेडलेला नसतो, तरी षड्ज आणि पंचमाच्या बरोबरीने तो कानावर येतो. सा, ग आणि प एकत्र वाजणं आपण लहानपणापासून ऐकतोय. मागच्या मुली बहुतेक वेळ याच नात्यात उभ्या असतात. मुख्य गायिका ज्या सुरावर थांबते, त्याच्या खालचा किंवा वरचा तिसरा सूर धरायचा. ती हलली की जवळात जवळ जो सूर बसेल तिथे सरकायचं. म्हणून मागची चाल फार हालत नाही. एकाच सुरावर दोन-दोन मात्रा उभी, मग एक पायरी खाली, पुन्हा वर. चाल शोधायला गेलात तर हाताला काही लागणार नाही. उभे सूर शोधा.

पद्धत सांगते. गाणं सलग ऐकू नका. प्रत्येक ओळीचा फक्त शेवटचा शब्द घ्या, तिथे तिन्ही आवाज थांबतात. तेवढाच तुकडा संगणकावर कापून पुन्हा पुन्हा लावा. ऑडॅसिटी फुकट मिळतं, त्यात सूर न बदलता लय निम्मी करता येते. डायनाचा सूर आधी मोठ्याने गा, मग तोंड बंद करून त्याच्या खाली गुणगुणत उतरा. एका जागी तुमचा आवाज रेकॉर्डमध्ये विरघळून गेल्यासारखा वाटेल. तोच खालचा सूर. तो लिहून ठेवा. सगळे शेवटचे शब्द झाले की मधले सूर आपोआप सापडतात.

लिहिताना तिघींना सा एकच ठेवा, प्रत्येकीचा वेगळा धरू नका. एकाखाली एक तीन ओळी लिहा, म्हणजे कोणत्या मात्रेला कोण कुठे आहे ते उभं वाचता येईल. आणि तालीम पेटीवर करू नका. पेटीचा गंधार किंचित चढा असतो, त्यावर जुळवलेले तीन आवाज घट्ट बसत नाहीत. तंबोऱ्यावर करा.

फ्लॉरेन्सची खूण हवी असेल तर ‘बटर्ड पॉपकॉर्न’ ऐका. ते तिने एकटीने पुढे उभं राहून गायलंय. मोठा, रुंद, चर्चमध्ये घडलेला आवाज. तो कानात बसवा आणि मग तुमच्या गाण्याकडे या. तिचा आवाज इतका मोठा होता की ध्वनिमुद्रणात तिला मायक्रोफोनपासून बरीच मागे उभी करत, असं सांगतात. त्यामुळे मागे एखादा आवाज लांबून येतोय पण तरीही भरलेला आहे असं वाटलं, तर ती तीच असण्याची शक्यता जास्त. मेरीचा आवाज मधल्या पट्टीतला, थोडा धुरकट, हवा मिसळलेला.

मला या अल्बमबद्दल आतून काही वाटतं ते फ्लॉरेन्समुळेच. गट तिने उभा केला, नाव तिने निवडलं. १९६७ मध्ये ती गटाबाहेर गेली आणि १९७६ मध्ये डेट्रॉइटमध्येच वारली, वय ३२. पुढच्या प्रसिद्ध गाण्यांत ती जवळजवळ सगळीकडे मागेच आहे. इथे निदान एक पूर्ण गाणं तिचं आहे. तुमच्या आजींना तेही ऐकवा.

———

प्रतिसाद ३

रेकॉर्ड साफ करण्याबद्दल: नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत राहतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाका. मऊ मायक्रोफायबर कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा, मध्यापासून कडेकडे आडवं पुसू नका. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून उभी वाळवा.

आणि ॲम्प्लिफायरवर मोनोचं (दोन्ही बाजूंना एकच आवाज देणारं) बटण असेल तर ते दाबा. तुमची प्रत मोनो असणार. मोनो रेकॉर्डमध्ये सुई फक्त डावी-उजवीकडे हलते, धूळ आणि ओरखडे मात्र तिला वर-खालीही हलवतात. बटण दाबलं की वर-खालची खरखर बरीचशी रद्द होते आणि गाणं तसंच राहतं.

———

प्रतिसाद ४

कार्यक्रमाला आलेल्या लोकांना ‘बेबी लव्ह’ जास्त ओळखीचं वाटेल, तेही तिघींना गाता येईल. विचार करून बघा. बाकी, आवाज वेगळे ऐकायला २०१० मध्ये निघालेली दोन सीडींची विस्तारित आवृत्ती मिळवा. तिच्यात मोनोबरोबर स्टिरिओ मिश्रणही आहे. हेडफोनचा एकच कान लावून ऐकलं तर कुठल्या बाजूला काय आहे ते कळायला सोपं जातं.

———

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मार्गदर्शन मिळेल असं वाटलं नव्हतं.

‘बेबी लव्ह’ सुचवल्याबद्दल धन्यवाद, पण गाणं हेच ठेवणार. पाहुण्यांसाठी गात नाही आहोत. जर्मनीहून आलेली पत्रं आजींनी अजून जपून ठेवली आहेत.

शेवटच्या शब्दांची युक्ती लागू पडली. शनिवारी तीन तास बसलो आणि पहिल्या कडव्याचे सगळे थांबे लिहून झाले. खालचा आवाज मंडळात अभंग गाते त्या मैत्रिणीकडे दिला आहे, तिचा आवाज रुंद आहे आणि ती सुरावरून हलत नाही. एका ओळीवर तिघींचे सूर असे जुळले की आम्ही तिघीही पुढची ओळ घ्यायची विसरलो. दुसऱ्या कडव्यात मधला आवाज अजून डायनाकडे ओढला जातोय, त्यावर काम चालू आहे. पेटी बंद केली आहे. रेकॉर्ड पुसली. मोनोच्या बटणाने केवढा फरक पडतो! तबल्याची शाई उतरून पुन्हा भरल्यासारखा आवाज स्वच्छ झाला.

गाण्याचं आजींना अजून सांगितलेलं नाही. पण चौथीचं नाव मात्र राहवेना म्हणून काल जाऊन सांगितलं. त्यांनी दोनदा उच्चारून पाहिलं, बार्बरा, बार्बरा मार्टिन. मग मला घरी पाठवून ते कव्हर आणायला लावलं आणि मागच्या बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलीने स्वतःच्या हाताने ते लिहिलं.