मदत हवी आहे: 1,64,000 किमी चाललेल्या गाडीचं आधी काय करू?

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात 2013 ची डिझेल स्विफ्ट घेतली. सर्व्हिसचा एकही कागद मिळाला नाही, म्हणून इंजिन ऑइल आणि फिल्टर लगेच बदलले. पण काल थंड गाडीत कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) झाकण उघडलं तर आत चहासारखं गढूळ पाणी, बोटाला गंज लागला! आईला दर पंधरा दिवसांनी साताऱ्याहून पुण्याला तपासणीला न्यायचं असतं. वाटेतल्या खंबाटकी घाटात गाडी तापली तर, हीच धास्ती आहे.

रेडिएटर फ्लश केला, म्हणजे आतून धुऊन काढला, की जुनी गळती उघडी पडते म्हणतात, खरं का? वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होजपाइप सोबतच बदलू? सकाळी स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद खडखडही येते, टायमिंग चेन (इंजिनमधली साखळी) असेल का? ब्रेक ऑइल तर बदलणारच आहे. हाताशी 20,000 रुपये आहेत. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.